घंटा वाजली त्याआधीचं: १९९७ च्या सर्व्हायव्हर सिरीजची पार्श्वभूमी

९ नोव्हेंबर १९९७ च्या रात्री मॉन्ट्रियलच्या मोल्सन सेंटरमध्ये, डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या सर्व्हायव्हर सिरीज कार्यक्रमात काय झालं, हे ट्रम्प कार्डं खेळत वाढलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको. या कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो, पण त्या रात्री तो मोडला गेला: चॅम्पियन ब्रेट हार्टने हार मानली नव्हती, तरी घंटा वाजली आणि चॅम्पियनशिपचा पट्टा शॉन मायकल्सच्या हातात गेला. चर्चा मात्र कायम त्या शेवटच्या मिनिटाभोवतीच फिरते. कुणाला माहीत होतं, कुणाला नव्हतं, कुणी कुणाला ठोसा मारला, एवढंच. ज्या निर्णयामुळे ही वेळ आली तो आधीच्या आठवड्यात झाला होता आणि त्याची मुळं त्याच्याही मागे जातात.

सर्व्हायव्हर सिरीज हा कार्यक्रमच मुळात कोंडी करण्यासाठी जन्माला आला. १९८७ साली प्रतिस्पर्धी कंपनीने (पुढे तीच डब्ल्यूसीडब्ल्यू झाली) आपला मोठा कार्यक्रम 'स्टारकेड' थँक्सगिव्हिंगच्या दिवशी पहिल्यांदाच पे-पर-व्ह्यूवर, म्हणजे वेगळे पैसे भरून घरी पाहता येईल असा, आणायचं ठरवलं. डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याच दिवशी नवा कार्यक्रम जाहीर केला आणि केबलवाल्यांना बजावलं की, स्टारकेड दाखवलात तर पुढचा रेसलमेनिया, म्हणजे आमचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम, मिळणार नाही. बहुतेकांनी मुकाट ऐकलं. पाच विरुद्ध पाचच्या बाद फेऱ्यांची लढत ही त्या कार्यक्रमाची ओळख बनली खरी, पण समोरच्याचा धंदा बसवणं हा त्यामागचा हेतू होता. दहा वर्षांनी मॉन्ट्रियलमध्ये तीच दोन घराणी समोरासमोर होती, फक्त आता घाबरलेली बाजू डब्ल्यूडब्ल्यूएफची होती.

ठरलेल्या कुस्तीत ठरलेला शब्द मोडणं हेही नवं नव्हतं. १९१० साली लंडनला गामाशी बरोबरीत सुटलेला आणि १९२८ मध्ये पतियाळ्याला मिनिटभरात चितपट झालेला झिबिस्को आपल्याकडच्या तालमींना माहीत आहे. त्याच झिबिस्कोने १९२५ मध्ये फिलाडेल्फियाला वेन मन या चॅम्पियनशी हरण्याचं कबूल केलं होतं. मन हा मूळचा फुटबॉलपटू, कुस्ती त्याला बेताचीच. झिबिस्कोने रिंगमध्ये उतरून त्याला खरोखरच लोळवलं आणि किताब घेऊन गेला. १९३१ मध्ये तर मॉन्ट्रियललाच असा प्रकार झाला. स्ट्रँगलर लुईस आपल्याला चावला, असं सांगत हेन्री डिग्लेनने दाताचे वण दाखवले आणि पंचाने लुईसला बाद केलं. ते वण डिग्लेनचे स्वतःचेच होते, असं पुढे सांगितलं गेलं. म्हणजे त्या शहराला याचा जुना अनुभव होता.

ब्रेट आणि शॉन यांचं वैर मात्र ठरवून लिहिलेलं होतं, मग हळूहळू खरं झालं. १९९२ च्या सर्व्हायव्हर सिरीजमध्ये शेवटची लढत या दोघांचीच होती आणि ब्रेटने शॉनला शार्पशूटरमध्ये, म्हणजे पाय गुंतवून मुरडण्याच्या आपल्या खास डावात, अडकवून जिंकली. मार्च १९९६ मध्ये रेसलमेनियात साठ मिनिटांची आयर्न मॅन लढत झाली, म्हणजे त्या वेळात जास्त गुण मिळवणारा जिंकतो. तासभर एकही गुण नाही, जादा वेळ दिला गेला आणि शॉन चॅम्पियन झाला. पुढच्या वर्षी ब्रेटला तो पराभव फेडून मिळेल, अशी सगळ्यांची समजूत होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये शॉनने गुडघ्याची दुखापत आणि हरवलेलं हसू अशी कारणं देऊन पट्टाच सोडला. हा हरण्यातून सुटण्याचा मार्ग होता, हे ब्रेटचं मत तेव्हापासून बदललं नाही, आणि पुढच्या घटना पाहता ते चुकीचं म्हणवत नाही.

त्याच वर्षी ब्रेटची व्यक्तिरेखा फिरवण्यात आली. रेसलमेनिया १३ ला स्टीव्ह ऑस्टिन रक्तबंबाळ होऊन शार्पशूटरमध्ये शुद्ध हरपेपर्यंत लढला, आणि लढत संपली तेव्हा खलनायक नायक झाला होता, नायक खलनायक. त्यानंतर ब्रेट अमेरिकेला शिव्या घालणारा कॅनडियन झाला. अमेरिकेत त्याची हुर्यो व्हायची, कॅनडात मात्र तो देशाचा हिरो. जुलैमध्ये त्याच्या गावी, कॅलगरीला झालेला कार्यक्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं पटवायला नको. कॅनडाच्या मातीत त्याने शॉनपुढे हरणं अवघड का होतं, याचं उत्तर कंपनीनेच लिहिलेल्या या कथेत आहे. पडद्यामागेही जूनमध्ये दोघांची खरीखुरी मारामारी झाली होती. ऑक्टोबरमध्ये ब्रेटने शॉनला सांगितलं की, तुझ्यासोबत काम करायला आणि गरज पडली तर तुझ्याकडून हरायला माझी हरकत नाही. ब्रेटच्या सांगण्यानुसार शॉनचं उत्तर होतं, मी तुझ्यासाठी तसं करणार नाही. हे एक वाक्य सोडून पुढच्या सगळ्याकडे पाहिलं की ब्रेट हट्टी वाटतो.

आता करार. ऑक्टोबर १९९६ मध्ये ब्रेटने डब्ल्यूसीडब्ल्यूची मोठी ऑफर नाकारून वीस वर्षांचा करार केला होता. वर्षही झालं नाही तोच डब्ल्यूडब्ल्यूएफचे मालक विन्स मॅकमॅन यांनी पैशांची अडचण सांगितली आणि दुसरीकडे बोलणी करायला त्यालाच सुचवलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ब्रेटने डब्ल्यूसीडब्ल्यूला होकार दिला. कंपनी सोडायची कल्पना त्याची नव्हती, हा मुद्दा नेहमी मागे पडतो. करारात असंही होतं की, शेवटच्या तीस दिवसांत आपल्या व्यक्तिरेखेचं काय व्हायचं यावर त्याचं वाजवी नियंत्रण राहील.

सगळा वाद या 'वाजवी' वर अडला. कंपनीची बाजू मांडणारे म्हणतात, चॅम्पियनने जाण्यापूर्वी आव्हानवीराकडून हरणं हा धंद्याचा रिवाज आहे आणि तो नाकारणं वाजवी नव्हे. त्यात डिसेंबर १९९५ ची धास्ती होती. तेव्हा महिला चॅम्पियनने डब्ल्यूसीडब्ल्यूच्या थेट प्रक्षेपणात डब्ल्यूडब्ल्यूएफचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. ब्रेटनेही तेच केलं तर? ही भीती खोटी नव्हती, पण तिचा बाऊ केला गेला. एक तर त्या पट्टेबाजीची सुरुवात डब्ल्यूडब्ल्यूएफनेच केली होती. १९९१ मध्ये रिक फ्लेअर डब्ल्यूसीडब्ल्यूचा पट्टा घेऊन आला तेव्हा तो त्यांनीच टीव्हीवर मिरवला आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यामुळे दुसऱ्याचा पट्टा दाखवण्याची किंमत दोन्हीकडच्या वकिलांना कळली होती. दुसरं, ब्रेट हरायला तयार नव्हता हे अर्धसत्य आहे. त्याचा नकार एका माणसाला आणि एका देशापुरता होता. कॅनडाबाहेर, दुसऱ्या कुणाकडून हरायची त्याची तयारी होती. मॉन्ट्रियलनंतरच्या सोमवारी ओटावाला होणाऱ्या 'रॉ' या साप्ताहिक टीव्ही कार्यक्रमात पट्टा स्वतः सोपवून निरोप घ्यायचीही तयारी होती.

आणि हेच ठरलं होतं. दोन्हीकडचे साथीदार रिंगमध्ये घुसतील, गोंधळात लढत निकाली निघणार नाही, दुसऱ्या दिवशी ब्रेट पट्टा सोडेल. त्या वर्षी ब्रेटवर एक माहितीपट चित्रित होत होता. कार्यक्रमाच्या दिवशी मालकांशी बोलताना त्याच्या अंगावर मायक्रोफोन होता आणि मालकांनी हा शेवट मान्य केल्याचं त्यात ऐकू येतं. कागद, शब्द आणि ध्वनिफीत असे तीन पुरावे एका बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला एक शक्यता, जी कधी घडलीच नाही.

प्रत्यक्ष क्षण पुन्हा पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. पंच धक्क्याने पडतो. ठरल्याप्रमाणे त्याने पडूनच राहायचं होतं. शॉन ब्रेटचेच पाय गुंतवून त्याचाच शार्पशूटर लावतो. ब्रेट शॉनचा पाय धरून डाव उलटवायच्या बेतात आहे, आणि तेवढ्यात पंच उठलेला दिसतो. रिंगलगत उभे असलेले मालक घंटा वाजवायला ओरडतात, पंच हात करतो आणि रिंगमधून जवळजवळ पळतच निघतो. घंटा वाजते तेव्हा ब्रेट डाव उलटवत होता, हरत नव्हता. क्षणभर त्याला कळत नाही, मग तो मालकांच्या तोंडावर थुंकतो आणि हवेत बोटाने तीन अक्षरं काढतो: डब्ल्यू, सी, डब्ल्यू. शॉन चिडल्याचं सोंग करत पट्टा घेऊन जातो. आपल्याला काही ठाऊक नव्हतं, हे त्याने त्या रात्री शपथेवर सांगितलं. ते खोटं असल्याचं काही वर्षांनी स्वतःच कबूल केलं.

पुढचं भराभर घडलं. तोवर बहुतेक प्रेक्षकांना समालोचक म्हणूनच माहीत असलेले मालक ड्रेसिंग रूममध्ये खाल्लेल्या ठोशाचा काळा डोळा घेऊन मुलाखतीत आले आणि ब्रेटने स्वतःचंच नुकसान करून घेतलं, असं त्यांनी सांगितलं. प्रेक्षकांचा खरा संताप हातात आहे म्हटल्यावर त्यातून 'मिस्टर मॅकमॅन' हा खलनायक उभा राहिला, ऑस्टिनला तोडीस तोड शत्रू मिळाला आणि एप्रिल १९९८ मध्ये 'रॉ'ने डब्ल्यूसीडब्ल्यूच्या 'नायट्रो' या साप्ताहिक कार्यक्रमाला प्रेक्षकसंख्येत मागे टाकलं. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने डब्ल्यूसीडब्ल्यू विकतच घेतली. १९९८ च्या सर्व्हायव्हर सिरीजमध्ये रॉकने मॅनकाइंडला शार्पशूटर लावला आणि तीच घंटा वाजवण्यात आली, या वेळी कथेचा भाग म्हणून.

ब्रेटच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. डब्ल्यूसीडब्ल्यूला त्याचं काय करायचं हे कधी कळलंच नाही. मे १९९९ मध्ये त्याचा धाकटा भाऊ ओवेन डब्ल्यूडब्ल्यूएफच्याच कार्यक्रमात छतावरून उतरवताना पडून मरण पावला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच्याच गोल्डबर्ग या पैलवानाच्या लाथेने ब्रेटच्या मेंदूला मार बसला आणि पुढच्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. २००२ मध्ये पक्षाघात झाला. त्यातून उठून तो २००६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी आला. ४ जानेवारी २०१० ला रिंगमध्ये त्याने शॉनचा हात हातात घेतला, दोघांनी मिठी मारली आणि ती दोघांच्याही मनापासून होती, असं ते आजही सांगतात. कंपनीच्या नोंदींत मात्र त्या लढतीचा निकाल अजून तोच आहे: शॉन मायकल्स विजयी, ब्रेट हार्टची शरणागती.