ऑपरेशन झालं, तरी गोळी सुरूच?

वर्षानुवर्षं छातीतली जळजळ आणि घशाशी येणारं आंबट पाणी सोसून माणूस ऑपरेशनला तयार होतो, तो मुख्यतः एका आशेवर: सकाळची उपाशीपोटीची गोळी एकदाची सुटेल. अनेकांची सुटतेही. काहींच्या उशाशी मात्र चार-दोन वर्षांत ती परत येते, आणि ऑपरेशन फुकट गेलं असं वाटू लागतं. तसं ते गेलेलंच असतं असं नाही.

या शस्त्रक्रियेला फंडोप्लिकेशन म्हणतात. रुडॉल्फ निसेन या सर्जनने ती १९५५ मध्ये पहिल्यांदा केली. १९९१ पासून ती दुर्बिणीतूनही होते. जठराचा वरचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळून टाके घालतात. जठरात आम्ल पूर्वीइतकंच तयार होतं, त्याची वर येण्याची वाट तेवढी अडते. गोळीचं उलट आहे: ती आम्ल कमी करते, अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली सैल झडप सैलच राहते.

मग किती जणांना पुन्हा औषध लागतं? स्वीडनमधल्या २,६५५ रुग्णांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १७.७ टक्क्यांना त्रास उलटला. त्यातले बहुतेक दीर्घकाळ औषधावर गेले, थोड्यांचं दुसरं ऑपरेशन झालं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या २००१ च्या अभ्यासात मात्र सुमारे दहा वर्षांनंतर ६२ टक्के लोक नियमित औषध घेत होते! पण त्यांचा आजार मुळात गुंतागुंतीचा होता आणि ऑपरेशनं पोट उघडून केलेली. शिवाय गोळी घेणं म्हणजे आम्ल वर येणं नव्हे, आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो.

वेढा घट्ट असला की ढेकर नीट येत नाही, हवा पोटातच अडकते, पोट फुगतं. सुरुवातीचे काही आठवडे घास अडकतो, म्हणून मऊ-पातळ खायला सांगतात. वेढा पूर्ण न घेता पाऊण घेतला तर हे त्रास कमी होतात. फुगलेल्या पोटालाही आपण सवयीने ‘ॲसिडिटी’च म्हणतो आणि गोळी घेतो. ती थांबवावी, तर आम्ल काही दिवस उसळतं. २००९ च्या एका प्रयोगात तर पूर्वी काहीच त्रास नसलेल्यांनाही आठ आठवड्यांच्या गोळ्या बंद केल्यावर जळजळ झाली.

खरं-खोटं करायला एक चाचणी आहे. नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत सोडून चोवीस तास आम्लाची नोंद घेतात. जळजळ झाली की रुग्णाने कमरेच्या यंत्रावरचं बटण दाबायचं. नंतर डॉक्टर बटणाच्या वेळा आलेखाशी जुळवून बघतात. ऑपरेशननंतर पुन्हा गोळीवर आलेल्या अनेकांच्या बाबतीत बटण दाबलेलं असतं, आणि आलेखात आम्ल कुठेच नसतं.