पाठ नको, पोट बघा: स्नेकहेड आणि बोफिन

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका खाडीत ओहोटीला कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) काठाला लावली, तेव्हा चिखलात एक मासा मरून पडलेला दिसला. डोक्यात घाव घातलेला, दोनेक किलोचा. कुणीतरी स्नेकहेड समजून मारून फेकला होता. तो बोफिन होता. त्यानंतर हीच चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

स्नेकहेडची ओळख मराठी माणसाला करून द्यायला नको. आपली मरळ ज्या चन्ना वंशातली, त्यातलाच हा, मूळचा चीन, कोरिया आणि रशियाच्या पूर्व टोकाकडचा. २००२ साली मेरीलँडमध्ये क्रॉफ्टनच्या एका तळ्यात सापडला, २००४ साली पोटोमॅक नदीत, आणि मग भरती-ओहोटीच्या खाड्यांत पसरत गेला. लोकांनी तो पकडून खावा म्हणून मेरीलँडने २०२४ मध्ये त्याला ‘चेसापीक चन्ना’ असं नावही दिलं. ज्याने मरळ साफ केली आहे त्याच्या हाताला तो लगेच ओळखू येतो.

बोफिन मात्र आपल्याकडे नाही, म्हणून घोटाळा होतो. हा उत्तर अमेरिकेचा मूळचा मासा. त्याच्या गणातले बाकी सगळे मासे नामशेष झाले, उरले ते बोफिनच. स्नेकहेडशी त्याचं दूरचंही म्हणावं असं नातं नाही. तरी दोघांचं अंग लांब आणि गोलसर, शेपूट गोल, तोंडात दात, पाठीवर लांबच लांब पर. दोघंही वर येऊन हवा गिळतात, दोघंही हायड्रिला या पाणवनस्पतीच्या दाट जाळीत दडतात आणि दोघंही गळाच्या रबरी बेडकावर तुटून पडतात. त्यामुळे ‘हवा घेतली म्हणजे स्नेकहेडच’ किंवा ‘दात आहेत म्हणजे स्नेकहेडच’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. यातल्या एकाही खुणेने काही ठरत नाही.

शेपटीच्या मुळाशी काळा डोळा, म्हणजे डोळ्यासारखा ठिपका, दिसला की बोफिन, हे खरं आहे. पण तो डोळा नरात ठसठशीत असतो; मादीत पुसट असतो किंवा नसतोच. डोळा नाही म्हणून मारलेल्या बोफिनच्या माद्या किती असतील कोण जाणे. अंगावरचे अजगरासारखे पट्टे स्नेकहेडचे, हेही बरोबर. पण गढूळ पाण्यातून नुकत्याच निघालेल्या, अंगभर गवत गुंडाळलेल्या माशाच्या रंगावर मी पैज लावणार नाही.

खरा फरक पोटाखाली आहे. गुदद्वाराच्या मागे जो पर सुरू होतो तो बघा. स्नेकहेडमध्ये तो लांब असतो, जवळजवळ शेपटीपर्यंत जातो, पाठीवरच्या पराचं खालचं प्रतिबिंबच म्हणा. बोफिनमध्ये तो आखूड, सुरू होतो न होतो तोच संपतो आणि त्याच्यामागे शेपटीपर्यंत मोकळी जागा राहते. बस. नर असो, मादी असो, लहान असो, मोठा असो, ही खूण बदलत नाही.

मग लोक चुकतात कुठे? कयाकमध्ये आपण पाण्याच्या जेमतेम वर बसलेलो असतो आणि मासा दिसतो तो वरून. वरून दिसतं डोकं आणि पाठ, म्हणजे नेमका सारखा असणारा भाग. शिवाय ओले पर अंगाला चिकटून बसतात. म्हणून घाई करू नका. मासा जाळ्यात, पाण्यातच, कयाकच्या कडेला धरा. पकडीने जबडा धरून त्याला कुशीवर वळवा आणि खालचा पर बोटाने उचलून बघा. लोक फोटो काढतात तेही मासा छातीशी धरून, पोट तळहाताने झाकून, आणि मग विचारतात हा कोणता. पोट दाखवा, लगेच सांगतो.

संध्याकाळी उजेड कमी असेल तर हनुवटीखाली, खालच्या जबड्याच्या दोन बाजूंच्या मधे अंगठा फिरवा. कडक हाडाची पाटी लागली तर बोफिन. स्नेकहेडला ती नसते. आणखी एक: पोटाखालच्या परांची जोडी स्नेकहेडमध्ये गळ्याजवळ, बोफिनमध्ये पोटाच्या मध्यावर.

याच पाण्यातल्या बास माशाबद्दल वेगळं लिहीत नाही. त्याच्या पाठीवरचा पुढचा काटेरी पर पाहिल्यावर कुणाचा गोंधळ होत नाही. तोही पोटोमॅकचा मूळचा नाही, बाहेरूनच आणून सोडलेला आहे, हे मात्र स्नेकहेडला शिव्या घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

हे सगळं जीव तोडून सांगतोय, कारण ओळखीवर पुढचं सगळं ठरतं. मेरीलँड आणि व्हर्जिनियात जिवंत स्नेकहेड बाळगणं बेकायदा आहे. ठेवायचा असेल तर जागेवर मारायचा. कयाकमागे दोरीला जिवंत बांधून आणणं चालत नाही. नुसता डेकवर टाकून ठेवला तर तो मरतही नाही, ओला राहिला तर हवेवर बराच वेळ तग धरतो. डोक्यात नीट घाव घालून, कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात ठेवा.

बोफिनला मात्र गळ काढून पाण्यातच सोडा. मांसाचा मोह असेल तर तोही सोडा: स्नेकहेडचं मांस पांढरं, घट्ट, मरळीच्या कालवणाची आठवण यावी असं. बोफिनचं लवकर मऊ पडतं आणि शिजवताना लगदा होतो.