मजूर पक्षातील फसलेले बंड (२०१६) आणि जनप्रतिक्रिया

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांना हटवण्याचा पक्षाच्याच खासदारांनी केलेला आणि सभासदांनी मतदानाने हाणून पाडलेला प्रयत्न. नेता कोणाचा, संसदेत त्याच्या मागे बसणाऱ्यांचा की वर्गणी भरून पक्ष चालवणाऱ्यांचा, हा या पक्षातला जुना वाद त्या उन्हाळ्यात थेट रस्त्यावर आला.

२३ जूनच्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल लागला. कॉर्बिन यांनी प्रचारात जीव ओतला नाही, असा ठपका खासदारांनी ठेवला. छाया परराष्ट्रमंत्री हिलरी बेन यांची हकालपट्टी होताच छाया मंत्रिमंडळात (सरकारच्या खात्यांवर नजर ठेवणाऱ्या विरोधी पक्षाच्या चमूत) राजीनाम्यांची रांग लागली आणि २८ जूनला पक्षाच्या खासदारांनी कॉर्बिन यांच्यावरचा अविश्वास ठराव १७२ विरुद्ध ४० मतांनी संमत केला. दुसऱ्याच दिवशी हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनीही भर सभागृहात कॉर्बिन यांना जायला सांगितले. पण पक्षाच्या घटनेनुसार हा ठराव बंधनकारक नव्हता, आणि कॉर्बिन हटले नाहीत. मग प्रश्न सभासदांच्या मतदानाने होणाऱ्या नेतेपदाच्या निवडणुकीवर गेला.

२७ जूनच्या संध्याकाळचे चित्र बोलके आहे. संसदेच्या इमारतीत बंद दाराआड खासदार आपल्या नेत्याला धारेवर धरत होते आणि बाहेर पार्लमेंट स्क्वेअरमध्ये त्याच नेत्याच्या पाठिंब्यासाठी हजारो लोक जमले होते. बैठक आटोपून कॉर्बिन त्या गर्दीसमोर बोलायला आले. दोन्हींच्या मध्ये जेमतेम एक रस्ता होता. १ ऑगस्टला लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलसमोरही अशीच गर्दी उसळली. बंडाला समर्थकांनी ‘चिकन कू’ हे नाव दिले. इंग्रजीत भित्र्याला कोंबडी म्हणतात, आणि सत्तापालटाचा ‘कू’ कानाला खुराड्याच्या ‘कूप’जवळ जातो, समोर उभे राहून लढायला कोणी लवकर पुढे येईना, हा त्यातला टोमणा.

या लाटेला कुरूप बाजूही होती आणि ती झाकू नये. समाजमाध्यमांवर विरोधी खासदारांना, विशेषतः महिलांना, शिवीगाळ व धमक्या आल्या. ४४ महिला खासदारांनी कॉर्बिन यांना पत्र लिहून कारवाईची मागणी केली. दुसरीकडे नेतेपदाची निवडणूक संपेपर्यंत स्थानिक शाखांच्या बैठका स्थगित ठेवल्या गेल्या, त्यामुळे सामान्य सभासदाला आपले म्हणणे मांडायला घरचे व्यासपीठच उरले नाही.

राष्ट्रीय कार्यकारिणीने १२ जुलैला १८ विरुद्ध १४ मतांनी ठरवले, की नेतेपदाच्या निवडणुकीत उतरायला विद्यमान नेत्याला खासदारांच्या सह्यांची गरज नाही. त्याच बैठकीत १२ जानेवारीनंतर सभासद झालेल्यांचा मताधिकार काढण्यात आला. मत हवे असेल तर दोन दिवसांत २५ पौंड भरून ‘नोंदणीकृत समर्थक’ व्हा, असा नियम झाला; वर्षभरापूर्वी हेच शुल्क ३ पौंड होते. तरीही १ लाख ८३ हजारांहून अधिक अर्ज आले. या अटकावाने लोकांची चीड वाढली, एवढेच झाले. पाच नव्या सभासदांनी न्यायालयात दाद मागितली. उच्च न्यायालयात ते जिंकले, अपिलात हरले.

कॉर्बिन यांना आव्हान देणाऱ्या दोन खासदारांपैकी अँजेला ईगल यांनी माघार घेतल्यावर ओवेन स्मिथ एकटे समोर राहिले. २४ सप्टेंबरला लिव्हरपूलमध्ये निकाल जाहीर झाला: कॉर्बिन ३,१३,२०९ (६१.८ टक्के), स्मिथ १,९३,२२९. कॉर्बिन यांचा मतांचा वाटा २०१५ च्या नेतेपदाच्या निवडणुकीपेक्षा वाढला. त्यांना हटवायला निघालेल्यांनीच त्यांचा पाया भक्कम केला, असे म्हणणे वावगे ठरू नये. तरी निकाल एकमुखी नव्हता: जुन्या सभासदांचा कल स्मिथ यांच्याकडे, तर कॉर्बिन यांच्या काळात आलेल्यांचा प्रचंड प्रमाणात कॉर्बिन यांच्याकडे होता.

जून २०१७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाला ४० टक्के मते मिळाली आणि ३० जागा वाढल्या. आपला अंदाज चुकल्याचे स्मिथ यांनी मान्य केले आणि ते कॉर्बिन यांच्या छाया मंत्रिमंडळात उत्तर आयर्लंडचे काम पाहू लागले. २०२१ मध्ये, किअर स्टार्मर नेते असताना, पक्षाने नियम बदलले: नेतेपदाच्या उमेदवाराला २० टक्के खासदारांचा पाठिंबा आवश्यक झाला आणि शुल्क भरून मत देणाऱ्या नोंदणीकृत समर्थकांचा वर्गच रद्द करण्यात आला.