यार्ड म्हणजे नेमकं कोणतं?

कोल्हापुरात रिक्षावाल्याला 'यार्डात' म्हणून सांगितलं की तो शाहू मार्केट यार्डाकडे, गुळाच्या सौद्यांकडे वळतो. रेल्वेचा माल उतरतो त्या जागेला आपण मालधक्का म्हणतो. म्हणून मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेले कुणी 'आठ मजली मनोऱ्यावरून यार्ड बघितलं' असं सांगू लागले, की ऐकणाऱ्याला त्यात बघायचं काय ते कळत नाही.

तो मनोरा नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅट गावात २००८ साली उभा राहिला. नाव 'गोल्डन स्पाइक', पण अमेरिका आरपार जोडणाऱ्या पहिल्या रेल्वेचा तो सोन्याचा खिळा १८६९ मध्ये दूर युटामध्ये बसवला गेला होता. नाव उसनं असलं तरी खालचं दृश्य अस्सल आहे. २,८५० एकरांवर पसरलेलं, सुमारे १३ किलोमीटर लांबीचं हे जगातलं सर्वांत मोठं वर्गीकरण यार्ड. वाघिणी (वॅगनला मराठीनं दिलेलं हे रूप इंग्रजीपेक्षा कितीतरी रुबाबदार) इंजिन टेकाडावर ढकलतं, वर जोड सुटतो आणि एकेक वाघीण उतारानं आपापल्या रुळावर घरंगळत जाते. टेकाडं दोन, एक ३४ फुटी, दुसरं २० फुटी. वाटेतले ब्रेक वेग आवरतात. भाजी निवडावी तशी गाडी निवडली जाते.

आपल्याकडेही निवडानिवडीची यार्डं होती, मुगलसरायचं तर आशियात गाजलेलं. पण १९८०च्या दशकात सुट्या वाघिणी मागे टाकून पूर्ण रेकला, म्हणजे न तोडता एकाच ठिकाणी जाणाऱ्या अख्ख्या मालगाडीलाच, प्राधान्य द्यायचं ठरलं. कारण तोवर वाघिणी यार्डात अडकून पडत, कोळसा आणि धान्य खोळंबे. या बदलामुळे गाड्या वेगानं फिरू लागल्या हे खरं. मात्र या हिशेबात लहान व्यापारी कुठेच नव्हता. बंदिस्त वाघिणींच्या एका रेकला चाळीसेक वाघिणी, म्हणजे अडीच हजार टनांच्या आसपास माल. गुजरातला गुळाचे रवे पाठवणारा अडत्या एवढा माल एकदम आणणार कुठून? त्यानं ट्रक धरला.

कोल्हापूरची रेल्वे मुळात संस्थानानं व्यापारासाठीच आणली होती. १८८८ मध्ये पहिली कुदळ पडली, १८९१ मध्ये मिरजेहून गाडी आली आणि पुढे स्टेशनालगत शाहूपुरीची व्यापारी पेठ वसली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रूळ मीटरगेजच, म्हणजे मुंबई-पुण्याच्या रुळांपेक्षा अरुंद होते, त्यामुळे मुंबईचा माल पुण्यात गाडी बदलून यायचा.

आता धक्क्यावर खताचा रेक लागला की घाई उडते. ठरल्या तासांत वाघिणी रिकाम्या झाल्या नाहीत तर विलंबशुल्क चढतं. हमाल पाठीवर पोती घेतात, बाहेर ट्रकांची रांग लागते. रेक जसा अखंड आला तसाच अखंड परत जातो. एकही वाघीण बाजूला काढावी लागत नाही.