मोजायचं ते मागून

पाळी आल्यापासून चौदाव्या दिवशी स्त्रीबीज सुटतं, हे जवळपास सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पाळी २८ दिवसांची असेल तर ते बऱ्यापैकी जुळतंही. पण जिची पाळी ३५ दिवसांनी येते, तिचं बीज साधारण एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं.

क्युसाकू ओगिनो या जपानी डॉक्टरांनी १९२४ साली हा हिशेब उलटा मांडला. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी. बीज सुटून गेलं की मागे उरलेला पीतपिंड (बीजाची रिकामी पिशवी) प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतो. दिवस राहिले नाहीत तर दोनेक आठवड्यांत तो आटतो आणि गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. म्हणजे उत्तरार्ध बराचसा ठरलेला असतो. लांबतो तो पूर्वार्ध, म्हणजे बीज पिकण्याचा काळ. आजारपण, झपाट्याने घटलेलं वजन, थायरॉइड, पीसीओएस (बीज वेळेवर न पिकण्याचा अंडाशयाचा विकार) यांचा परिणाम मुख्यतः तिथेच होतो.

याचा फटका ‘एकविसाव्या दिवसाच्या’ प्रोजेस्टेरॉन तपासणीत बसतो. ही तपासणी खरं तर पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते. ३५ दिवसांच्या पाळीत तो अठ्ठाविसावा दिवस झाला. रक्त एकविसाव्या दिवशीच दिलं तर आकडा कमी येणारच, आणि ‘बीज सुटतच नाही’ असा शिक्का विनाकारण बसू शकतो.

आता पुढची पाळी कधी येणार हे आधी कसं कळणार? ॲप गेल्या काही महिन्यांची सरासरी काढून अंदाज बांधतं. पाळी अनियमित असेल तर त्या अंदाजावर विसंबू नये. शरीराच्या खुणा जास्त बोलक्या. बीज सुटण्याआधीच्या दिवसांत योनीतला स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक होतो आणि दोन बोटांत धरला तर न तुटता ताणला जातो. अंगावरून जातंय म्हणून घाबरायचं कारण नाही. पहाटे अंथरुणातून उठण्याआधी घेतलेलं तापमान बीज सुटल्यावर ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. पण ही खबर उशिराची: बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून बाळ हवं असेल तर आधीचे दिवस महत्त्वाचे.

लघवीतलं एलएच (बीज सुटण्याची चालना देणारं संप्रेरक) दाखवणारी पट्टी बीज सुटण्याच्या २४ ते ३६ तास आधी इशारा देते. पीसीओएसमध्ये मात्र एलएच एरवीही वाढलेलं असू शकतं, त्यामुळे पट्टी उगाचच ‘हो’ म्हणते. तिथे सोनोग्राफीने केलेली फॉलिक्युलर स्टडीच, म्हणजे बीज कसं वाढतंय याची पाहणीच, भरवशाची.

आणि सणासुदीला, लग्नकार्याला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील, तर तो महिना हिशेबात धरू नका. गोळ्या थांबवल्यावर येणारा रक्तस्राव गोळ्यांच्या तारखेने येतो.

मोठ्या बाईत २४ ते ३८ दिवसांचं अंतर सर्वसाधारण मानतात. वयात आल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं आणि चाळिशीनंतरचा काळ यात ते हलतंच. गरोदर नसताना तीन महिने पाळी आली नाही, तर मात्र घरगुती उपाय करत न बसता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं.