जुन्या टेलिफोन रिसीव्हरचे संगणकासाठी रूपांतर

तबकडीच्या जुन्या फोनचा रिसीव्हर संगणकाला जोडून हेडसेटसारखा वापरण्याची ही हौशी कारागिरी. भारतातले असे काळे फोन बहुतांशी बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे (स्थापना १९४८). कोल्हापुरात ०२३१ ची लँडलाइन कधीच बंद केलेल्या घरांच्या माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडे एखादा सापडून जातो. बेकेलाइटला (फोनच्या कडक, जुन्या प्लास्टिकला) तडा गेलेला नसेल, तर बाकीचे सगळे दुरुस्त होते.

कानाकडची बाजू फारसा त्रास देत नाही. तिथली कॉईल, चुंबक आणि पत्र्याची चकती हेडफोन जॅकवरही वाजते. आवाज जरा लहान येतो इतकेच. घोडे अडते ते तोंडाकडच्या कार्बन माइकपाशी. त्यात कोळशाचे बारीक दाणे असतात. आवाजाने पडदा हलला की दाणे कमी-जास्त दाबले जातात, रोध बदलतो आणि त्यातून जाणारा विद्युतप्रवाहही बदलतो. हा प्रवाह एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवरून यायचा, साधारण २० मिलीअँपिअर किंवा जास्त. संगणकाच्या माइक जॅकमधून एक मिलीअँपिअरही धड मिळत नाही. शिवाय दाणे एकमेकांना चिकटून बसतात. बोलता बोलता रिसीव्हर हातावर आपटायची जुनी सवय त्यापायीच.

म्हणून कार्बन कॅप्सूल काढून तिथे इलेक्ट्रेट माइक (अगदी थोड्या प्रवाहावर चालणारा छोटा माइक) बसवतात. तो जेमतेम १० मिलिमीटरचा, खोबणी त्याच्या कितीतरी पट. कापूस-गोंदाने भागवण्यापेक्षा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या टर्नरकडून (लेथवाल्याकडून) मापाची नायलॉनची रिंग काढून घेणे केव्हाही चांगले. माइकचे जे टोक त्याच्या धातूच्या डबीला जोडलेले असते, ते ग्राउंड. साडेतीन मिलिमीटरच्या चार भागांच्या पिनेवर हल्ली टोकाकडून डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि माइक असा क्रम असतो. कान एकच, म्हणून डावी बाजू जोडून संगणकात मोनो आवाज निवडायचा. दोन्ही बाजू एकत्र सोल्डर करू नयेत. दांडा पोकळ असेल तर कानाचा आवाज आतूनच माइकपर्यंत पोचतो आणि समोरच्याला स्वतःचेच बोलणे ऐकू येते. आत स्पंज कोंबला की हे बरेच थांबते.

चालू लँडलाइनची वायर मात्र संगणकाच्या जॅकला चुकूनही लावू नये: घंटी वाजताना तीवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. काढलेली कार्बन कॅप्सूल फेकू नये. फोन पुन्हा मूळ रूपात आणायचा झाला, तर तीच लागते.