चहा आत्ताचा, निघालं परवाचं

आमच्या सोसायटीतल्या काकांना सकाळचा चहा संपायच्या आत संडास गाठावा लागतो. लोकलमध्ये ती सोय नाही, म्हणून कळव्याहून निघताना ते चहा घेतच नाहीत; पहिला कप मस्जिद स्टेशनला उतरल्यावर. "आत्ता खाल्लं की लगेच खाली. अन्न टिकतच नाही, अंगी कसं लागणार?" असं परवा गेटवर सांगत होते. सांगणाऱ्याचं वजन ८२ किलो.

हा हिशेब घरोघरी चुकतो. जेवण जठरात साधारण दोन ते चार तास असतं, लहान आतड्यात आणखी चार ते सहा तास, आणि मोठ्या आतड्यात एखाद-दुसरा दिवस सहज काढतं. जुलाबाचं सोडून द्या, पण एरवी चहानंतर जे निघतं ते कालचं नाहीतर परवाचं. पटत नसेल तर ठाण्याच्या तलावपाळीवर भुट्टा खा, वेळ लिहून ठेवा आणि लक्ष ठेवा. मक्याच्या दाण्याचं साल आपल्याला पचत नाही, ते जसंच्या तसं बाहेर येतं.

मग चहानं नेमकं काय होतं? जठर ताणलं गेलं की 'वर नवा माल आलाय, खाली जागा करा' असा निरोप मोठ्या आतड्याला जातो. काही निरोप नसांतून जातो, काही गॅस्ट्रिनसारख्या संप्रेरकांतून. मोठं आतडं रात्रभर जवळजवळ गप्प असतं, उठल्यावर जागं होतं; त्यामुळे हा झटका सकाळीच जास्त जाणवतो.

आता माझा आवडता भाग. लेंग्यात नाडी कशी ओवतो आपण? सेफ्टीपिनच्या मागचं कापड चिमटीत गोळा करायचं, पुढचं सैल सोडायचं. आतडं तेच करतं. अन्नाचा गोळा आला की भिंत ताणली जाते, अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, तिथल्या चेतापेशी जाग्या होतात. मागच्या बाजूला असेटिलकोलीन सुटतं आणि स्नायू आवळतो. पुढच्या बाजूला नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि स्नायू सैल पडतो. गोळा पुढे सरकतो, तिथली भिंत ताणली जाते, पुन्हा तेच. यात मेंदूला विचारावं लागत नाही. बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या नसा तोडून पाहिल्या. मागे आवळ, पुढे सैल हा खेळ चालूच राहिला. कारण आतड्याच्या भिंतीतच दहा कोटींहून जास्त चेतापेशींचं जाळं आहे. सेरोटोनिन म्हटलं की लोकांना मेंदू आठवतो, पण शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन पोटात असतं!

हेच जाळं काहींच्या बाबतीत हळवं होतं. १९७३ मध्ये रिची या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात फुगा फुगवून पाहिला. ज्या मापाला इतरांना क्वचितच दुखलं, त्याच मापाला 'इरिटेबल बॉवेल'च्या, म्हणजे हळव्या आतड्याच्या, अनेक रुग्णांना कळ आली. म्हणजे दुखणं खरं असतं, तपासण्या मात्र नॉर्मल येतात, आणि घरचे म्हणतात 'मनाचे खेळ'. डॉक्टर हा आजार ठरवताना पाहतात ते असं: तीन महिने, आठवड्यातून निदान एक दिवस पोटात कळ, आणि या तीनपैकी निदान दोन गोष्टी: शौचाला गेल्यावर ती कमी-जास्त होते, तिच्याबरोबर खेपा बदलतात, शौच घट्ट-पातळ होतं. सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी. काकांना कळ येत नाही. त्यांचा झटका जोरदार आहे, इतकंच. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं नॉर्मलमध्येच मोडतं.

कळ आली की 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेणारे आमच्याकडे अजून आहेत. बेंबी म्हणजे नाळेचा व्रण. ती सरकून जाणार कुठे? कळ लाटेसारखी येते आणि आपोआप ओसरते. श्रेय चोळणाऱ्याला.

पण खरी भीती मला लोकलच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांची वाटते. 'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन', खाली मोबाईल नंबर. रक्त दिसलं की माणूस स्वतःच मूळव्याध ठरवतो आणि तो नंबर फिरवतो. शौचानंतर लालभडक रक्ताचे थेंब आणि दुखत नाही, तर बहुधा मूळव्याध. काच कापल्यासारखं दुखत असेल तर बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर. पण रक्त शौचात मिसळलेलं असेल आणि खेपांची सवयही अलीकडे बदलली असेल, तर आतून दुर्बीण घालून बघायलाच हवं, कारण आतड्याचा कॅन्सर असाच सुरू होऊ शकतो. डांबरासारखं काळं, चिकट शौच म्हणजे वरच्या भागातला रक्तस्राव असू शकतो (लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, तेवढं आधी आठवून पाहा). जुलाब झोपेतून उठवत असतील, वजन आपोआप उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर तो नुसता हळवेपणा नव्हे. आपल्याकडे आतड्याचा टीबीही होतो. तो बऱ्याचदा लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतात तिथे, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला बसतो.

आणि हो, चाळिशीपुढे छातीत जळजळ, सोबत घाम, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे, तर अँटासिड शोधत बसू नका, आधी ईसीजी.

काकांनी भुट्टा खाल्ला सोमवारी संध्याकाळी सातला. बुधवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी मेसेज आला: "छत्तीस तास!! आता चहा घेऊनच निघतो."

मग आठ वाजता दुसरा: "नाही घेतला. गाडीत कोण रिस्क घेणार."